कार्ड घेण्याआधी पेटी उघडून पाहा

सालेकसा तालुक्यातील एका वाचकांचे पत्र आले आहे. घरी 'डेल ऑप्टिप्लेक्स ७०१०' हा कचेरीतून निघालेला जुना संगणक आहे. चिरंजिवांना 'ब्लेंडर' या फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर चलच्चित्रे करावयाची आहेत. यंत्र अडखळते म्हणून दुकानदाराने मोठे ग्राफिक्स कार्ड सुचविले. ते लिहितात, "पैसा धान विकून आलेला आहे आणि धाकटीची फी त्यातूनच भरायची आहे. कार्ड घ्यावे काय?"

घ्यावे, पण मोठे नको, आणि आजच नको.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरील चित्राचे काम अंगावर घेणारा वेगळा गडी होय. गडी जितका दांडगा तितकी त्याला वीज अधिक. तीन अश्वशक्तीच्या बेताची तार ओढलेल्या विहिरीवर पाच अश्वशक्तीचा पंप बसविला तर काय होते, हे शेतकऱ्याला शिकवायला नको. संगणकातही वीज पुरविणारा एक डबा असतो, त्याला पॉवर सप्लाय म्हणतात. ७०१० च्या उभ्या मोठ्या पेटीत तो २७५ वॅटचा आणि लहान पेटीत २४० वॅटचा असतो. मुख्य पट्टीवरील खाच कार्डाला फार तर ७५ वॅट देते. काही लहान पेट्यांत कंपनीने ही मर्यादा आणखी खाली ठेवलेली असते. मोठ्या कार्डाला याखेरीज वेगळी वायर लागते आणि ती या डब्यात बहुधा नसतेच. दुकानदार 'जोडवायर लावून देतो' म्हणेल. नको म्हणावे. ती वीज त्याच डब्यातून ओढली जाते. डबाच बदलू म्हणाल, तर कंपनीच्या अनेक बांधीव यंत्रांत जोडणी निराळ्या घडणीची असते आणि बाजारातला डबा बसत नाही. म्हणून खरेदीआधी डब्यावरची चिठ्ठी वाचून वॅट लिहून घ्यावेत.

आता कार्डांविषयी. 'जीटी १०३०' ला ३० वॅट पुरतात, पण ते पडदा दाखविण्यापुरतेच. या कामाला उपयोगाचे नाही. 'जीटीएक्स १६५०' हे ७५ वॅटचे आहे, मात्र त्याच नावाची काही कार्डे वेगळी वायर मागतात, ती टाळावीत. २०२४ साली आलेले ६ जीबीचे 'आरटीएक्स ३०५०' ७० वॅटमध्ये भागते. 'आरएक्स ६४००' ला वीज कमी लागते हे खरे, पण जुन्या खाचेत त्याचा वेग घटतो. इंटेलचे 'आर्क ए३८०' ज्या सोयीवर चालते ती इतक्या जुन्या यंत्रात नसते. उभ्या पेटीत पूर्ण उंचीचे कार्ड मावते. लहान पेटीला अर्ध्या उंचीचेच हवे. कार्ड घेताना यंत्राचा नमुना सांगून, चालले नाही तर परत घेण्याचे पावतीवर लिहून घ्यावे, कारण जुनी यंत्रे नव्या कार्डाला कधीकधी ओळखतच नाहीत.

जुने कार्ड स्वस्त मिळते. पण सप्टेंबर २०२२ पर्यंत इथेरियम नावाचे आभासी चलन मिळविण्यासाठी असंख्य कार्डे रात्रंदिवस राबविली गेली आणि पुढे ती विकायला निघाली. बैलाचे दात पाहावेत तसे अशा कार्डाला अर्धा तास चालवून पाहावे, मग पैसे मोजावेत.

आजच नको म्हटले, त्याचे कारण वेगळे. ब्लेंडरला किमान ८ जीबी रॅम आणि चार कोअरचा प्रोसेसर लागतो. आपल्या यंत्रात 'कोअर आय ३' असेल तर कोअर दोनच. तिथे कार्डावर पैसा घालणे म्हणजे फुटक्या बांधीत पाणी सोडणे. 'आय ५' असेल तर पहिल्यांदा रॅम १६ जीबी करावी आणि फिरत्या चकतीच्या जागी एसएसडी बसवावी. बऱ्याच घरांत अडखळणे एवढ्यानेच कमी होते, आणि हा खर्च कार्डाच्या मानाने थोडा असतो. त्यावर चिरंजिवांना दोन महिने काम करू द्यावे. तरीही चित्र तयार व्हायला फार वेळ लागत असेल, तर कार्ड खुशाल घ्यावे. धाकटीची फी मात्र आधी भरावी.

आणखी एक. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ या यंत्राला कंपनीच्या नियमात बसत नाही आणि कार्डाने त्यात फरक पडत नाही. ब्लेंडर लिनक्सवरही चालते. मुलगा शिकतोच आहे, तर तेही शिकू द्यावे.

धानाच्या मळणीत कोंड्याची धूळ पेटीच्या पंख्यात बसते. कार्ड आले की आणखी एक पंखा वाढला. दर महिन्याला पेटी बंद करून, वायर काढून, मऊ ब्रशने साफ करावी. आणि यंत्र सालेकशाहून रेल्वेने गोंदियाला न्यायचे झाले तर कार्ड काढून कापडात वेगळे बांधावे. हादऱ्याने खाच तुटली तर मुख्य पट्टीच बदलावी लागते.