मेळघाटाच्या उन्नतीचा मार्ग

मेळघाटाची सुधारणा हा विषय निघाला कीं, आपल्या वऱ्हाडांतील बहुतेक गृहस्थ चिखलदऱ्याच्या थंड हवेची व नव्या विश्रामगृहांची गोष्ट काढतात. प्रवासी येतात, पैसा येतो, हें खरें. परंतु त्यांतून कोरकू बांधवाच्या गांठीस काय राहतें, हें फारसें कोणी विचारीत नाहीं.

आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली. धारणी व चिखलदरा तालुक्यांचीं कागदपत्रें पुष्कळ वर्षें आमच्या हाताखालून गेलीं. जमीन उताराची व हलकी, बाजार दूर. म्हणून खरीप आटोपला कीं कुटुंबेंच्या कुटुंबें मजुरीस सपाटीवर उतरतात व होळीस परततात. ज्याच्या दाराशीं मोह, चारोळी, सीताफळ व बांबू आहे, त्यानें टोपलीभर फळें न तोलतां रस्त्यावर देऊन टाकावीं आणि तींच परतवाड्यास वजनानें विकलीं जावीं, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. येथें तोटा पिकाचा नाहीं, व्यवहाराचा आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्यानें ग्रामसभेस सामूहिक वनाचें रक्षण व व्यवस्था करण्याचा, तसाच गौण वनोपजावरील मालकीचा हक्क दिला आहे. बांबू व तेंदूपानेंही त्यांत येतात. पायविहीर गांवास असा हक्क २०१२ सालीं मिळाला. गांवकऱ्यांनीं चराईस व तोडीस आळा घातला, उजाड रानांत झाडें वाढविलीं व सीताफळें निवडून, पेट्यांत भरून स्वतः विकलीं. २०१४ सालीं भारत सरकार व संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांचा जैवविविधता पुरस्कार त्यांस लाभला. अशिक्षितांस कारभार जमत नाहीं, या आक्षेपास एवढें उत्तर पुरे आहे.

दुसरा आक्षेप वाघाचा. १९७३ सालीं सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पांतील पहिल्या नऊ वनांत मेळघाट होतें. पायविहीर पायथ्याचें गांव आहे; गाभ्याच्या वनांत तोच मार्ग जसाचा तसा चालणार नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. परंतु ज्यास वनापासून मिळकत होते तोच तें मनापासून राखतो, हें तत्त्व दोन्हीं ठिकाणीं खरें.

आपल्या संघानें काय करावें? सीताफळाच्या हंगामांत घाटाच्या पायथ्याशीं एक कांटा व फळें निवडण्याची जागा उभारावी. खरेदी ग्रामसभेच्या नांवें व्हावी, चिठ्ठीवर वजन व दर दोन्हीं लिहावे आणि पैसा त्याच दिवशीं खात्यांत जमा व्हावा. संत्र्याच्या बागाईतदारांनीं शक्य तेथें करंड्या व ताट्या डोंगरांतूनच घ्याव्या. धारणी तालुक्यांतील लवादा येथें बांबूच्या कामाचें शिक्षण देणारी संस्था आहेच.

यास मोठें भांडवल लागत नाहीं. सचोटीचा हिशेब लागतो. सभासदांनीं या सूचनेचा विचार करून पुढील सभेंत आपलें मत अवश्य मांडावें, अशी आमची विनंति आहे.