डब्यावर तारीख घाला



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळी चौविहाराच्या आधी म्हणून साडेपाचलाच खिचडी टाकली. येणारे पाहुणे पावसामुळे आलेच नाहीत आणि निम्मे पातेले उरले. असोद्यात त्या रात्री लाईटही नव्हती. खिचडी झाकून ओट्यावरच राहिली.

सकाळी सगळ्यांना ताजा नाश्ता दिला. मुले शाळेत गेली, हे दुकानात गेले. मग मी पातेल्याचा वास घेतला. काहीच वास नव्हता. जिरे-मिरचीची फोडणी घातली, चांगली वाफ येईपर्यंत परतली आणि ओट्याशी उभ्या-उभ्याच खाल्ली. अकरा वाजता उलट्या सुरू झाल्या त्या दुपारपर्यंत थांबेनात.

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "रात्रभर बाहेर राहिलेला भात खाल्ला का?" मी मान डोलावली. मग त्यांनी समजावून सांगितले. तांदळात एका जातीच्या जीवाणूचे बीज असते. ते शिजवूनही मरत नाही. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की ते वाढते आणि विष सोडते. त्या विषाला वास नसतो आणि भात पुन्हा कितीही गरम केला तरी ते जात नाही.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आपल्यात वासी चालत नाही, तुला माहीत नव्हतं का?"

"वाया जात होतं, आई."

"अन्न वाया जाऊ नये म्हणून माणूस वाया घालवायचं का?"

त्यांचे हे बोलणे तेव्हापासून माझ्या मनात आहे आणि आज त्यावरच लिहायचे आहे. माझे म्हणणे एवढेच की अन्न किती दिवस ठेवायचे हे ते करतानाच ठरवावे. खाताना नाकाने ठरवू नये.

आपल्या परंपरेतली काळमर्यादा नेमकी अशीच आहे. दिगंबर घरांत दळलेल्या पिठाची मर्यादा हिवाळ्यात 7, उन्हाळ्यात 5 आणि पावसाळ्यात 3 दिवस धरतात. श्वेतांबर घरांत खाकरा, मिठाई अशा कोरड्या पदार्थांना हिवाळ्यात 30, उन्हाळ्यात 20 आणि आषाढी चौमासीपासून 15 दिवस. ओला शिजवलेला पदार्थ, म्हणजे वरण, भात, खिचडी, भाजी, रात्र ओलांडली की वासी. पंथापंथांत आकडे वेगळे आहेत, पण मोजायची रीत एकच आहे. केल्या दिवसापासून मोजायचे, ऋतू पाहायचा आणि पदार्थात पाणी किती आहे ते पाहायचे.

आपल्या पूर्वजांना सगळे विज्ञान आधीच ठाऊक होते, असे मी म्हणणार नाही. या मर्यादा पोटासाठी नाहीत, जीवदयेसाठी आहेत. अन्नात जीवोत्पत्ती होते, म्हणून ते खायचे नाही. पण आजचे अन्नशास्त्रही पाणी, उष्णता आणि वेळ या तीनच गोष्टी विचारते. शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. 5 ते 60 अंशांच्या मधले तापमान जंतू वाढायला सोयीचे असते. आपल्या जळगावकडे उन्हाळ्यात पारा 45 च्या आसपास जातो आणि पावसाळ्यात हवेला दमटपणा असतो. म्हणजे आपला ओटा वर्षभर त्या धोक्याच्या पट्ट्यातच असतो.

आता काहीजणी म्हणतील, पंधरा दिवसांची मर्यादा आहे ना, मग पेढे ठेवले तर काय बिघडले? बिघडते. मर्यादा म्हणजे शेवटची रेघ आहे. तिथपर्यंत ठेवलेच पाहिजे असे नाही. त्याआधी रस, वास, रंग बदलला तर पदार्थ चलितरस झाला, तो तेव्हाच सोडायचा. बेसनाचा लाडू महिनाभर टिकेल, पण मावा-दुधाची मिठाई दोन-चार दिवसांतच संपवायला हवी. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 1 ऑक्टोबर 2020 पासून दुकानातल्या सुट्ट्या मिठाईच्या ट्रेवरही 'या तारखेपूर्वी खावे' अशी पाटी बंधनकारक केली. मिठाईवाल्याच्या ट्रेसाठीही तारखेचा नियम निघाला आणि आपल्या घरातल्या डब्यावर काहीच नसते!

आणि काही वस्तूंना दिवस मोजूनही भागत नाही. आपल्या खान्देशात शेंगदाण्याशिवाय घर नाही. दमट जागी ठेवलेल्या दाण्यांना हिरवट-काळी बुरशी लागली की आपण खराब दाणे निवडून टाकतो आणि बाकीचे भाजून कूट करतो. ते करू नका. त्या बुरशीचे विष भाजून जात नाही आणि ते यकृतावर घाव घालते. 1974 साली राजस्थान-गुजरातच्या आदिवासी भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. दाणे थोडेच आणा, कडक उन्हात वाळवा, हवाबंद डब्यात ठेवा. बुरशी दिसली किंवा दाणा कडू लागला तर तो सगळाच माल टाका.

फ्रिजचे म्हणाल तर तो वेळ लांबवतो, थांबवत नाही. लाईट चार-चार तास गेली तर तेवढेही करत नाही. आणि फ्रिजमध्ये ठेवले म्हणून वासीचे ताजे होत नाही.

मी आता काय करते ते सांगते. ओट्याजवळ चिकटपट्टी आणि पेन टांगले आहे. पीठ, मसाला, खाकरा, लाडू, जे डब्यात जाईल त्यावर केल्याची तारीख आणि कधीपर्यंत खायचे ती तारीख. दळण पावसाळ्यात थोडेच आणते. खिचडीला तांदूळ एक वाटी कमीच घेते, कमी पडले तर वर दूध किंवा फळ आहे. तरी उरलेच तर सूर्यास्ताआधी, ताजे असतानाच शेजारी देते.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलते. सकाळी उरलेले, जे आपण घरच्यांना वाढणार नाही, ते कामवालीच्या डब्यात घालणे हे दान नाही. तिच्या मुलांचे पोट आपल्या मुलांपेक्षा वेगळे नसते.

आणि तसेच आपलेही. घरात सगळ्यांना ताजे आणि शिळे माझ्या वाट्याला, हा हिशेब आपणच आपल्याशी मांडून ठेवला आहे. कुणी सांगितलेले नसते. त्यात आपल्याला थोडा त्यागही वाटतो. पण शास्त्रात मर्यादा सांगताना कुठेही 'घरातली बाई सोडून' असे लिहिलेले नाही. नियम आहे तर तो आपल्यालाही आहे.

सासूबाईंना आता डोळ्यांनी बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून डब्यावरची तारीख मी मोठ्या अक्षरात लिहिते. परवा त्यांनी एक डबा हातात घेतला, तारीख वाचली आणि मलाच म्हणाल्या, "अगं, हा खाकरा उद्या संपतोय. आज दोघी मिळून खाऊ."

आम्ही खाल्ला. बसून खाल्ला.

लिहिताना काही चुकले असेल तर मिच्छामि दुक्कडम्.