धुक्याचे दिवे आणि बॉनेटखालची दाटी

पावसाळा ऐन भरात आला की कसारा, माळशेज, आंबोली या घाटांत ढग रस्त्यावर उतरतात आणि भर दुपारी मोटारींना दिवे लावणे भाग पडते. अशा वेळी नवखा चालक घाबरून ‘अप्पर’ लावतो आणि स्वतःसमोर एक पांढरी भिंत उभी करून घेतो. धुके म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे सूक्ष्म थेंब. समोर सरळ फेकलेला प्रकाश त्यांवरून उलटून त्याच्याच डोळ्यांत शिरतो. धुक्याच्या दिव्याचे सारे मर्म म्हणूनच त्याच्या जागेत आणि झोताच्या ठेवणीत आहे. तो बंपरच्या खालच्या अंगाला असतो. त्याचा झोत रुंद, चपटा आणि वरून कापल्यासारखा असतो, आणि तो रस्त्याची कड व पांढरा पट्टा तेवढा दाखवतो. पिवळा रंग धुके भेदतो ही समजूत लोकप्रिय खरी. पण धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की सर्व रंगांचा प्रकाश ते जवळजवळ सारखाच विखुरतात.

दिवा उपयुक्त आहे, याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो मागाहून बसविला जातो कसा, हा.

अँबॅसेडर किंवा प्रीमियर पद्मिनीच्या काळी हे काम सोपे होते. पोलादी बंपर, त्यावर दोन नटबोल्टांनी आवळलेले दिवे, आणि बॉनेट उघडले की मेकॅनिकचे दोन्ही हात कोपरापर्यंत आत जातील एवढी मोकळीक! १९८३ साली मारुती ८०० आली आणि इंजिन आडवे बसले. पुढे वातानुकूलनाची जाळी, मोठे रेडिएटर, विजेचे पंखे, काच धुण्याच्या पाण्याची टाकी यांनी उरलीसुरली जागा व्यापली. लहान मोटारीत माणसांना ऐसपैस बसता यावे, म्हणून इंजिनाने अंग चोरून घेतले. त्यात गैर काही नाही. मात्र आज त्याच मोटारीला दिवे जोडायचे तर बहुधा बंपर उतरवावा लागतो, निदान चाकावरचे प्लॅस्टिकचे अस्तर तरी सोडवावे लागते. हाताला जागा नाही आणि डोळ्याला दिसत नाही, अशा ठिकाणी वायर ओढायची असते.

आणि धोका दिव्यात नसून त्या वायरीत आहे. ५५ वॅटचे दोन हॅलोजन दिवे म्हणजे ११० वॅट. १२ व्होल्टच्या बॅटरीतून नऊ अँपिअरहून अधिक प्रवाह ते सतत खेचणार. एवढा भार डॅशबोर्डवरच्या नाजूक स्विचमधून किंवा पार्किंगच्या दिव्याच्या बारीक वायरीतून नेणे म्हणजे ती वायर तापवत ठेवणे होय. रीत अशी की, बॅटरीपासून जाड वायर घ्यावी, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज बसवावा, आणि दिव्यांचा भार रिलेवर टाकून स्विचला फक्त रिले चालवू द्यावा. फ्यूज लांब बसविला, तर बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या तुकड्याला कोणाचेच संरक्षण राहत नाही. दाटीच्या जागी नेमका हाच तुकडा पत्र्याच्या धारेवर घासतो, किंवा धुराड्याच्या तप्त नळीला टेकून त्याचे आवरण वितळते. मग बॉनेटखालून धूर निघतो, आणि लोक कंपनीला शिव्या देतात.

गॅरेजवाल्याला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. गिऱ्हाईक दिव्यांसाठी हजारो रुपये मोजते आणि मजुरीत शंभर रुपयांसाठी घासाघीस करते. शिवाय गाडी तासाभरात हवी असते. एवढ्या वेळात बंपर उतरत नाही. तेव्हा चालू वायरीचे आवरण सोलून त्यावर पीळ मारला जातो आणि वर काळी चिकटपट्टी गुंडाळली जाते. पहिल्या पावसात त्या पट्टीचे काय होते, हे सांगायला नको.

खरा जाब विचारायचा तो कारखानदारांना. अनेक मोटारींच्या महागड्या आवृत्तीत हे दिवे मिळतात. स्वस्त आवृत्तीच्या बंपरात त्याच जागी काळ्या प्लॅस्टिकचे झाकण असते. साचा एकच, भोक तेच, फक्त दिवा नाही. माळशेज उतरणाऱ्यांत स्वस्त गाडीवाले नसतात, अशी या मंडळींची समजूत आहे काय? दिवा वगळायचा तर वगळा. पण त्याची वायर, रिलेची जागा आणि फ्यूजचा खण प्रत्येक गाडीत तयार ठेवा. कारखान्यात हे काम अल्प खर्चात होते, गॅरेजात ते जोखमीचे ठरते.

समोरून येणाऱ्याचाही विचार हवाच. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांना दिव्यांनी समोरच्याचे डोळे दिपवणे मान्य नाही. तरीही स्वच्छ चांदण्या रात्री वर तोंड केलेले प्रखर एलईडी दिवे मिरवणाऱ्यांची महामार्गावर वाण नाही. झोत भिंतीवर पाडून, त्याची वरची कड दिव्याच्या उंचीखाली आणायला दहा मिनिटे पुरतात. तेवढीही सवड कोणाला नसते.

कारखानदार सुधारतील तेव्हा सुधारोत. तोवर मोटारमालकाने पैसे चुकते करण्यापूर्वी बॉनेट उघडायला लावून फ्यूज कोठे आहे, एवढे विचारावे. बॅटरीपासून वीतभर अंतरात तो दिसला नाही, तर गाडी तेथून हलवू नये.