कुलूप बिघडले म्हणून दुकान पाडू नका

कॉम्प्युटर सुरू होईना म्हणून दुरुस्तीवाल्याकडे नेला, त्याने पाच मिनिटे पाहून "विंडोज उडाली, फॉरमॅट मारावे लागेल" असे सांगितले आणि आपण मान हलवून घरी आलो, ही हकीगत आमच्या किती व्यापारी बंधूंच्या बाबतीत घडली असेल! संध्याकाळी यंत्र नव्यासारखे होऊन परत येते. मात्र त्यातला हिशेब, उधारीची यादी, कारागिराची डिझाइने असे काहीही जागेवर नसते. ज्यांच्या कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स अशा दोन्ही प्रणाली आहेत, त्यांच्यावर ही पाळी अधिक येते, आणि आमचे स्पष्ट मत असे की अशा बिघाडात बहुतेक वेळा फॉरमॅटची काही गरजच नसते.

दोन प्रणाली एकाच यंत्रात ठेवणे ही आता केवळ हौशी मुलांची गोष्ट राहिलेली नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची देखभाल संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सोय आणि ठरावीक प्रोसेसर लागतात. ज्याचे यंत्र जुने पण धडधाकट आहे, तो हिशेबाच्या प्रोग्रामसाठी विंडोज ठेवतो आणि इंटरनेट, ईमेल, बँकेच्या कामासाठी शेजारी लिनक्स बसवून घेतो. यात शहाणपण आहे. फक्त दाराशी कोण बसले आहे, हे ठाऊक हवे.

दाराशी बसतो तो बूटलोडर. बटन दाबल्यावर कोणती प्रणाली उठवायची हे विचारणारा हा एक छोटासा प्रोग्राम आहे. लिनक्सबरोबर येणाऱ्याचे नाव ग्रब. जुन्या पद्धतीच्या यंत्रांत त्याची सुरुवात डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांत होते. त्यांपैकी ४४६ बाइट सुरुवातीच्या सूचनांचे, ६४ बाइट डिस्कच्या चार वाटण्यांच्या यादीचे आणि २ बाइट खुणेचे. एवढ्या जागेत या लेखाचा पहिला परिच्छेदही मावणार नाही! नव्या यूईएफआय यंत्रांत त्यासाठी एक वेगळे छोटे पार्टिशन असते आणि कोणाला आधी उठवायचे ही नोंद मदरबोर्डच्या स्मृतीत राहते. दोन्ही प्रकारांत तुमचा माल आत, दुसऱ्या खोलीत असतो. विंडोज नव्याने बसवली की जुन्या यंत्रांत ती या सूचनांवर आपल्या सूचना लिहिते, म्हणून लिनक्स नाहीशी झाल्यासारखी वाटते. उलट कोणी जागा हवी म्हणून विंडोजमधून लिनक्सचे पार्टिशन पुसले, तर जुन्या यंत्रात पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' असे लिहून येते आणि विंडोजही उठत नाही. विंडोज मात्र आत शाबूत असते.

ऑगस्ट २०२४ मधला एक प्रसंग आमच्या माहितीतला आहे. परिचयाच्या एका कापड व्यापाऱ्याचा कॉम्प्युटर बटन दाबल्यावर इंग्रजीत दोन ओळी दाखवी आणि आपोआप बंद होई. ओळींत 'शिम', 'एसबॅट', 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' असे शब्द होते. विवरणपत्राची २० तारीख तोंडावर आलेली. दुरुस्तीवाल्याने डिस्क खराब ठरवून ती साफ पुसली व विंडोज नव्याने बसवली. मार्चअखेरची एक प्रत पेनड्राइव्हवर होती, तेवढीच वाचली. एप्रिलपासूनची बिले घरच्या मुलांनी रात्री जागून पुन्हा टाइप केली. विवरणपत्र चुकलेच, आणि त्यावर रोजचे ५० रुपये विलंब शुल्क व थकीत करावर वर्षाला १८ टक्क्यांच्या दराने व्याज वेगळे.

आता खरा बिघाड काय होता तो पाहा. १३ ऑगस्ट २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने जे सुरक्षा अपडेट पाठवले, त्याने जुन्या, कच्च्या बूटलोडरांना सिक्युअर बूटमध्ये मज्जाव केला. दोन प्रणालींच्या यंत्रांना हे लागू होणार नाही असे कंपनीने म्हटले होते, पण सगळी अशी यंत्रे तिच्या तपासणीला ओळखता आली नाहीत आणि जगभर अनेकांची लिनक्स दारातच अडली. (कायमचा उपाय कंपनीकडून मे २०२५ मध्ये आला.) त्या व्यापाऱ्याची विंडोज आणि तिच्यातला हिशेब या सर्व काळात सुखरूप होता! यंत्र चालू करताना एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप, जी कळ त्या कंपनीची असेल ती दाबून यादीतून 'विंडोज बूट मॅनेजर' निवडले असते, तर पाच मिनिटांत खातेवही उघडली असती. लिनक्सचे काम नंतर सवडीने करता आले असते. सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून लिनक्समध्ये शिरायचे, 'मोकयूटिल'च्या एका हुकमाने ती नवी एसबॅट यादी पुसायची, लिनक्स एकदा पुन्हा सुरू करायची आणि मग सिक्युअर बूट परत चालू करायचे, एवढेच ते काम होते. मात्र सिक्युअर बूटला हात लावण्यापूर्वी बिटलॉकरची ४८ आकडी किल्ली जवळ आहे ना, हे पाहावे. नाहीतर विंडोज आपल्याच मालकाला दाराबाहेर ठेवील.

ग्रबच पुसला गेला असेल तर दुरुस्ती थोडी लांबते, पण अवघड नाही. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून यंत्र उठवायचे. लिनक्सचे पार्टिशन माउंट करायचे, यूईएफआय असेल तर ते छोटे पार्टिशनही त्याच्या जागी जोडायचे, मग 'सीएचरूट'ने आत शिरून 'ग्रब-इन्स्टॉल' व 'अपडेट-ग्रब' हे दोन हुकूम द्यायचे. इथे नवशिके दोन ठिकाणी चुकतात. मूळ प्रणाली यूईएफआय पद्धतीने बसलेली असताना पेनड्राइव्ह जुन्या पद्धतीने उठवतात, आणि जुन्या पद्धतीच्या यंत्रात संपूर्ण डिस्कचे नाव द्यायचे तिथे पार्टिशनचे देतात. हुकूम टाइप करण्याची धास्ती वाटणाऱ्यांसाठी 'बूट-रिपेअर' हे साधन आहे, लिनक्स मिंटच्या पेनड्राइव्हवर ते तयारच मिळते. दुरुस्तीनंतर यादीत विंडोज दिसली नाही, तरी घाबरू नये. २०२१ मध्ये आलेल्या ग्रब २.०६ पासून दुसरी प्रणाली शोधण्याची सवय मुळातच बंद ठेवलेली असते. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलीत 'ओएस-प्रोबर' चालू करून 'अपडेट-ग्रब' पुन्हा द्यावे.

आता थोडे कडू बोलतो. सगळा दोष दुरुस्तीवाल्या पोराच्या माथी मारणे आम्हांस मान्य नाही. त्याने फॉरमॅट केले तर गिऱ्हाईक पाचशे रुपये मुकाट्याने काढून देते, कारण यंत्र दिवसभर दुकानात राहिले. तेच काम त्याने दहा मिनिटांत, काही न पुसता केले, तर आपणच म्हणतो, "एवढ्याशा कामाचे पाचशे कसले?" कुलूपवाला एक तार फिरवून तिजोरी उघडतो, तेव्हा आपण तारेची किंमत विचारत नाही. हुन्नराला दाम द्यायचा नाही आणि मग हुन्नर दिसत नाही म्हणून ओरडायचे, हा कुठला व्यवहार? आणि दुरुस्तीच्या धंद्यातल्या बांधवांनाही सांगणे आहे. गिऱ्हाइकाचा हिशेब ही तुमच्याकडे ठेवलेली अमानत आहे. पुसण्यापूर्वी त्याला विचारा, पेनड्राइव्हवरून यंत्र उठवून आतल्या फाइली दिसतात का ते त्याच्या देखत पाहा, दिसल्या तर आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. शागिर्दाला पहिल्या महिन्यात फॉरमॅट शिकवतात, हेच मुळात उलटे आहे. आधी त्याला बूटलोडर दुरुस्त करायला शिकवा.

व्यापारी बंधूंनी तूर्त एवढे करावे: लिनक्सचा एक पेनड्राइव्ह गल्ल्यात ठेवावा, आपल्या यंत्राची बूटची कळ एका चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवावी, बिटलॉकरची किल्ली कागदावर उतरवून घरी ठेवावी आणि हिशेबाची प्रत दर शुक्रवारी दुकान वाढवताना बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. दुरुस्तीला यंत्र देताना पावतीवर "विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये" असे लिहून त्यावर दुकानदाराची सही घ्यावी. तो हसला तर हसू द्या, पण सही घ्या.