शेपटी थरथरतेय का, ते बघा!

थंडीच्या दिवसांत होस्टेलच्या गच्चीवर किंवा बाल्कनीत दाणा-पाणी ठेवलं, की कधीतरी कठड्यावर एक अनोळखी पाहुणा दिसतोच. चिमणीएवढा, मातकट रंगाचा. चिमणी नाही, एवढं कळतं. मग तुम्ही काय करता? मोबाइल काढायचा, झूम करायचं आणि धूसर फोटो ग्रुपवर टाकायचा, 'कोणता पक्षी?' दोन मिनिटांत चार उत्तरं येतात. तोवर पक्षी भुर्र! बघायचं राहूनच जातं.

मित्रांनो, नाव विचारण्याआधी एक मिनिट नुसतं बघा. आधी चोच. दाणे फोडणाऱ्या चिमणीची जाड असते, किडे टिपणाऱ्याची बारीक. मग शेपटी. तो मातकट पाहुणा थिरथिऱ्याची मादी असेल किंवा चीरकाची. धूसर फोटोत दोघी सारख्याच वाटतील. पण चीरक काळपट शेपटी उभारून मिरवते, तांबूस रंग फक्त शेपटीखाली. थिरथिऱ्याची शेपटीच विटकरी, आणि ती सारखी थरथरत असते. नावातच आहे ते! चीरक इथली बारमाही रहिवासी. थिरथिरा मात्र हिवाळी पाहुणा, उन्हाळा लागला की उत्तरेकडे परत जाणारा.

'पण त्यासाठी अ‍ॅप आहे ना?' आहे, आणि जरूर वापरा. पण 'मर्लिन'सारखं अ‍ॅपसुद्धा तुम्हालाच विचारतं : आकार केवढा, रंग कोणते, काय करत होता? बघितलंच नसेल तर सांगणार काय?

हे फक्त हौसेपुरतं नाही. देशातल्या कोणत्या पक्ष्यांची संख्या घटतेय, हे सांगणारा २०२३चा 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवाल सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवर उभा आहे. त्यात तुमच्यासारखे हौशी लोकच जास्त. अंदाजपंचे ठोकलेलं नाव अशा नोंदींत गेलं, की आकडा खोटा बोलायला लागतो. त्यापेक्षा 'ओळख पटली नाही' असं लिहिणं केव्हाही चांगलं. त्यात कमीपणा कसला? गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी कोणती, हे शाळकरी सलीम अलींनाही कळलं नव्हतं. १९०८च्या सुमारास ती घेऊन ते मुंबईच्या 'बीएनएचएस'मध्ये विचारायला गेले. पण तो पिवळा डाग त्यांच्या नजरेतून सुटला नव्हता, हे महत्त्वाचं.

फेब्रुवारीत 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' असतो. चार दिवस, किमान १५ मिनिटं बघायचं आणि नोंद करायची. आपल्याकडे त्याच दिवसांत 'कॅम्पस बर्ड काउंट'ही होतो. तुमच्या कॉलेजात होत नसेल, तर तुम्ही सुरू करा. दुर्बीण नसली तरी चालेल. वही-पेन घ्या, आणि फोन थोडा वेळ खिशातच राहू द्या.