पाणी कोणत्या मापाने मोजावयाचे?

सरकारी योजनेचे यश मंत्र्यांच्या आकड्यांनी सिद्ध होत नाही. तिचे अपयशही विरोधकांच्या पत्रकाने सिद्ध होत नाही. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानाच्या नावावर सहा लाखांहून अधिक कामांची नोंद झाली. परंतु कामांची संख्या हा खर्चाचा पुरावा होय, पाण्याचा नव्हे. सुमारे ९,६३३ कोटी रुपये खर्चूनही भूजलपातळी वाढविण्यात अभियानाचा फारसा परिणाम दिसला नाही, असा निष्कर्ष महालेखापरीक्षकांनी २०२० साली काढला.

मग २०१६ साली ठिकठिकाणी विहिरी भरल्या, ते खोटे होते काय? मुळीच नाही. परंतु २०१४ व २०१५ ही वर्षे अवर्षणाची होती आणि २०१६ चा पाऊस चांगला झाला. आधीच्या कोरड्या व नंतरच्या भरल्या विहिरीची छायाचित्रे शेजारी मांडली, की वरुणराजाचे श्रेय मंत्रालयाच्या खाती जमा होते! २०१८ साली १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. तेवढ्यावरून योजना फसली असे म्हणणे, ही तीच चूक उलट्या बाजूने होय.

तेव्हा तुलना हवी ती तितकाच पाऊस आणि तसाच खडक असलेल्या, पण योजना न पोहोचलेल्या गावाशी. मेक्सिकोने १९९७ साली सुरू केलेल्या रोख साहाय्याच्या योजनेत ५०६ खेड्यांपैकी ३२० खेड्यांना लाभ आधी दिला, १८६ खेड्यांना नंतर. निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी केली. पद्धत चोख खरी. परंतु पाणी हे अनुदानाप्रमाणे गावाच्या शिवेपाशी थांबत नाही. वरच्या गावाने नाला अडविला, की खालच्याचा ओढा लवकर आटण्याचा संभव असतो. आणि तेच खालचे गाव तुलनेस घेतले, तर योजनेचे यश आहे त्याहून मोठे दिसावयाचे. म्हणून गाव नव्हे, संपूर्ण पाणलोट हे मोजणीचे एकक धरावे लागेल.

शिवाय सरासरी फसवी असते. विहिरीची पातळी वाढली आणि ते सारे पाणी उसाला गेले, तर भूमिहीन मजुराच्या घरच्या हंड्याचे काय झाले, हे कोणत्या तक्त्यात सापडणार?

२०२३ मध्ये अभियानाचा दुसरा टप्पा सुरू झाला. जेथे खोदकाम अद्याप व्हावयाचे असेल, तेथे यंत्र नाल्यात उतरण्यापूर्वी विहिरींची पातळी, पावसाची नोंद आणि पहिला टँकर आल्याची तारीख ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावून घेण्याचा आग्रह कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत धरावा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी त्याशेजारी मागाव्यात. काम आटोपल्यावर ‘आधी’ची स्थिती कोणालाच मोजता येत नाही.