हरळी पिवळी पडली तर बिघडलं कुठे?

आपल्याकडे ‘गोल्फ’ म्हटलं की एकच चित्र डोळ्यांसमोर येतं : पांढरी टोपी घातलेले रिटायर्ड साहेब आणि मागून बॅग वाहणारा पोऱ्या. श्रीमंतांचे चोचले, असं म्हणून आपण विषय संपवतो. मला काही हे पटत नाही.

थंडी सुरू झाली की इंग्लंड-आयर्लंडमधून चार-चार, आठ-आठ मित्रांचे ग्रुप गोल्फ खेळायला स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर जातात. हे सगळेच काही लक्षाधीश नसतात. दिवसभर खेळायचं, संध्याकाळी एकमेकांची यथेच्छ टिंगल करायची, बस्स! मित्रांसाठी याहून चांगला खेळ मला तरी माहीत नाही. लहानपणी आपण धाकट्याला ‘लिंबूटिंबू’ म्हणून खेळायला घ्यायचो, पण त्याचा डाव कोणी धरायचं नाही. गोल्फमधे कच्च्या खेळाडूला हँडिकॅप मिळतो. म्हणजे त्याला ठराविक फटक्यांची सूट, आणि ती वजा करून जो आकडा येईल तोच खरा. त्यामुळे इथे लिंबूटिंबूचा डाव धरला जातो, आणि तो कधीकधी जिंकतोसुद्धा.

आणि या खेळाला लागतं तरी किती? सेव्ह बायेस्तेरोस हा उत्तर स्पेनमधल्या पेद्रेन्या गावच्या शेतकऱ्याचा मुलगा. क्लबमधे तो कॅडी होता, म्हणजे तोच बॅग वाहणारा पोऱ्या. कॅडींना एरवी कोर्सवर खेळायला बंदी, म्हणून हा पठ्ठ्या एका जुन्या 3-आयर्नने समुद्राच्या वाळूत सराव करायचा. 1979 मधे, वयाच्या 22 व्या वर्षी, त्याने ब्रिटिश ओपन जिंकली. पुढे 1997 साली रायडर कप पहिल्यांदाच युरोपच्या मुख्य भूमीवर भरला, तो स्पेनमधल्या वाल्देरामाला, आणि युरोपचा कप्तान होता सेव्ह!

तेव्हा माझं भांडण गोल्फशी नाही, रिसॉर्टशी आहे. मुर्सिया प्रांताचंच घ्या. वर्षाला पाऊस जेमतेम 300 मिलिमीटर. पिण्यासाठी आणि शेतीसाठी ताहो नदीचं पाणी सुमारे 300 किलोमीटरवरून आणावं लागतं. 1979 पासून हे पाणी येतंय आणि त्यावरून दोन्हीकडच्या लोकांची भांडणंही चालूच आहेत. अशा ठिकाणी 2008 च्या मंदीआधी गोल्फ कोर्सभोवती घरं बांधून विकायचा धडाका लागला होता. हिरवळ म्हणजे त्या घरांची जाहिरातच.

रिसॉर्टवाले म्हणतात, आम्ही सांडपाणी शुद्ध करून वापरतो. चांगलंच आहे. शेजारच्या अंदालुसियाने तर 2008 साली गोल्फ कोर्ससाठी तसा नियमच केला. पण मुर्सिया आपलं बहुतेक सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरतं, आणि ते मुख्यतः शेतीलाच जातं. म्हणजे फुकटचं पाणी कुठेच नाही. हिरवळीवर ओतलेलं पाणी लिंबाच्या बागेला मिळत नाही, इतका साधा हा मास बॅलन्स. फर्स्ट इयरवालाही मांडेल!

खरी गंमत गवताची आहे. तिथल्या बऱ्याच कोर्सवर बर्म्युडा ग्रास असतं. बर्म्युडा ग्रास म्हणजे आपली हरळी हो, गणपतीला वाहतो ती दूर्वा! चिवट जात, थोडं खारट पाणीही चालवून घेते. पण थंडीत ती पिवळी पडून झोपी जाते. मरत नाही, आणि तिच्यावर खेळताही येतं. मात्र पाहुण्यांचा सीझन नेमका तेव्हाच! मग तिच्यावर रायग्रास पेरतात आणि ते उगवण्यासाठी पाण्याचा मारा करतात. हे खेळासाठी की फोटोसाठी?

2006 ची ब्रिटिश ओपन हॉयलेकला झाली. उन्हाने कोर्स भाजून पार तपकिरी झाला होता, चेंडू सिमेंटवर पडल्यासारखा पळत होता. टायगर वुड्सने चार दिवसांत ड्रायव्हर फक्त एकदा बाहेर काढला आणि स्पर्धा जिंकली. जगातली सगळ्यात जुनी मोठी स्पर्धा तपकिरी गवतावर होऊ शकते, तर चार मित्रांची फेब्रुवारीतली मॅच पिवळ्या हरळीवर का नाही? बुकिंग करताना त्यांनी एवढंच विचारावं, ‘यंदा रायग्रास पेरलंय का?’ आणि ‘नाही’ असं उत्तर आलं, तर खुशाल पैसे भरावेत.